माणसाला देव्हाऱ्यातून हळूच खाली कसं घ्यायचं, आणि स्वतःलाही

नवीन नोकरीतला बॉस, नुकताच आयुष्यात आलेला मुलगा किंवा मुलगी, क्लासचे सर, गावातले महाराज, वारलेले वडील, थोरला भाऊ... यातलं कुणीतरी एक बहुतेकांच्या मनात असतं ज्याच्याविषयी बोलताना आपला आवाजच बदलतो. त्याचं काही चुकत नाही, चुकलं तरी त्याला कारण असतं, आणि कारण सापडलंच नाही तर मग आपलंच काहीतरी चुकलेलं असतं. मानसशास्त्रात याला आदर्शीकरण म्हणतात आणि ते मनाच्या संरक्षण यंत्रणांपैकी एक आहे, म्हणजे जी गोष्ट सहन होणार नाही ती समोर येऊ नये म्हणून मन हे परस्पर करून टाकतं, आपल्याला विचारत नाही.

साधा आदर वेगळा, आणि तो ओळखायला सोपा आहे. ज्याचा आदर वाटतो त्याचे दोन दोष आपण हसत हसत सांगू शकतो आणि तरी आदर तेवढाच राहतो. आदर्शीकरणात दोष ऐकूनच घेववत नाही, कुणी काही बोललं की छातीत धडधडतं, राग येतो, विषय बदलावासा वाटतो. एखाद्या माणसाबद्दल असं होत असेल तर पुढचं वाचा, आणि स्वतःबद्दल होत असेल तर नक्कीच वाचा, कारण तेही याच यंत्रणेत येतं.

दोषांची यादी करू नका

लोक पहिला सल्ला हाच देतात, की त्याच्या वाईट गोष्टी लिहून काढ म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. याने सहसा दोनपैकी एक होतं. एक तर मन आणखी घट्ट धरून बसतं आणि प्रत्येक दोषाला वकिलासारखं उत्तर शोधतं, नाहीतर एकदम पलटी मारतं, कालचा देवमाणूस आज नालायक होतो, नंबर ब्लॉक, फोटो डिलीट, आणि दोन आठवड्यांत दुसरा कुणीतरी त्याच जागी. मनोविश्लेषक मेलनी क्लाइन यांनी १९४६ मध्ये हेच मांडलं होतं की लहान बाळाचं मन सगळं चांगलं एका बाजूला आणि सगळं वाईट दुसऱ्या बाजूला असं तोडून ठेवतं, आणि चांगलं जास्तच चांगलं रंगवलं जातं ते वाईटाची भीती लांब राहावी म्हणून. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या निदान पुस्तिकेत परिशिष्टात संरक्षण यंत्रणांची एक उतरंड दिली होती, तिच्यात आदर्शीकरण आणि त्याच्या उलटं अवमूल्यन, म्हणजे माणसाला एकदम कवडीमोल ठरवणं, ही दोन्ही एकाच पायरीवर होती. तेव्हा देव्हाऱ्यातून काढून उकिरड्यावर टाकलं म्हणजे आपण सुटलो असं मुळीच नाही, यंत्रणा तीच चालू असते, फक्त टोक बदललेलं असतं.

आधी विचारा, हे कशापासून वाचवतंय?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो आणि लोक नेमका हाच सोडून देतात. "तो खरंच एवढा चांगला आहे का" हा प्रश्न नंतर. आधी हा विचारा, की तो तेवढा चांगला नसला तर मला काय सहन करावं लागेल?

रोनाल्ड फेअरबेर्न हे एडिनबरामधले मानसोपचारतज्ज्ञ, त्यांनी १९४३ मध्ये लिहिलंय की ज्या मुलांचे घरी हाल व्हायचे ती मुलं आईवडिलांना वाईट म्हणायला तयारच व्हायची नाहीत, उलट स्वतःला वाईट म्हणायची. त्यांचं म्हणणं असं होतं की देवाच्या राज्यात आपण पापी असणं परवडतं, सैतानाच्या राज्यात राहणं परवडत नाही. हे नीट वाचा, पुन्हा वाचा. सहा वर्षांच्या पोराला दुसरं घर नसतं. बाप चुकतोय हे त्याने मान्य केलं तर तो कुणाच्या भरवशावर झोपणार? म्हणून ते म्हणतं की बाबा चांगलेत, मीच द्वाड आहे, मी सुधारलो की मार थांबेल. यात केवढी आशा आहे बघा! आणि मग हाच हिशोब तो पोरगा चाळिसाव्या वर्षीपण बॉसच्या, बायकोच्या, महाराजांच्या बाबतीत लावत राहतो, तेव्हा मात्र त्याला दुसरी घरं उपलब्ध असतात पण मनाला ते कुणी कळवलेलंच नसतं.

म्हणून मला या यंत्रणेचा राग येत नाही आणि तुम्हीही स्वतःवर चिडू नका. ती कधीतरी तुमच्या उपयोगी पडलेली आहे.

दुसरं कारण जरा वेगळं. माणूस मोठा वाटला की त्याच्या जवळ असल्यामुळे आपणही थोडे मोठे वाटतो. शिकागोचे मनोविश्लेषक हाइन्झ कोहुट यांनी १९७१ मध्ये हे मांडलं, की लहान मुलाला कुणालातरी थोर मानायची गरजच असते, त्यात आजार काही नाही, आणि मग आईबाप हळूहळू, झेपेल एवढ्या बेताने, मुलाची निराशा करत जातात, बाबांना गणित येत नाही, आई रडते पण, आणि त्यातूनच मूल ती ताकद स्वतःच्या आत उभी करतं. ज्याच्या बाबतीत ही निराशा एकदम झाली किंवा थोर मानावं असं कुणी नव्हतंच, तो मोठेपणी कुणीतरी शोधत फिरतो. "सर नसते तर मी शून्य होतो" हे वाक्य ऐकलं की मला आधी त्या पोराने रात्ररात्र केलेला अभ्यास आठवतो, तो कुठे गेला?

तिसरं कारण म्हणजे दाबलेला राग. जिच्यावर चिडायची सोय नाही, तिची आरती सुरू होते. यावर जास्त सांगत नाही, खाली उदाहरणात येईलच.

पाच शब्द आणि पाच आठवणी

आता प्रत्यक्ष काय करायचं. कॅलिफोर्नियात बर्कलेला मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मोठ्या माणसांची एक मुलाखत तयार केली, लहानपणीच्या नात्यांविषयी. त्यात आईशी लहानपणी नातं कसं होतं ते सांगणारे पाच शब्द विचारतात, तसेच वडिलांचे पाच, आणि मग प्रत्येक शब्दासाठी प्रत्यक्ष घडलेला प्रसंग. गंमत म्हणजे बालपण सुखाचं होतं का यावर ती मुलाखत तपासतच नाहीत, शब्द आणि प्रसंग एकमेकांना धरून आहेत का ते बघतात. "आई खूपच प्रेमळ" आणि प्रसंग विचारला की "म्हणजे... प्रेमळच होती, नॉर्मल आई असते तशी", इथे आदर्शीकरण दिसतं. ती मुलाखत प्रशिक्षण घेतलेली माणसं घेतात, त्यामुळे घरी त्यातून निदान वगैरे करू नका, पण त्यातली कल्पना वहीत वापरायला काहीच हरकत नाही आणि मला तरी याहून चांगलं साधन माहीत नाही.

वही घ्या, मोबाईलमध्ये नको, घरात कुणी वाचलं तर भलताच तमाशा होईल. झोपायच्या आधी करू नका. ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्याच्याशी तुमच्या नात्याचे पाच शब्द लिहा, भरभर, विचार न करता. मग एकेका शब्दापुढे एक प्रसंग. प्रसंग म्हणजे कुठे घडलं, कोण कोण होतं, तो माणूस नेमकं काय बोलला, तुम्ही काय केलं. "ते नेहमी आमच्यासाठी झटायचे" हा प्रसंग झाला नाही, तो सहावा शब्द झाला. "नेहमी" आणि "कधीच" आले की समजा अजून प्रसंगापर्यंत पोचलो नाही.

काही शब्दांना लगेच प्रसंग सापडेल, छान, तो शब्द तुमचा आहे, कुणी हिरावून घेणार नाही. काहींना सापडणारच नाही, तिथे "आठवत नाही" एवढंच लिहा, शब्द खोडू नका. काही ठिकाणी प्रसंग सापडेल पण तो तुमच्या डोळ्यांनी पाहिलेला नसेल, मावशीने नाहीतर आजीने सांगितलेला असेल, तसं लिहा. आणि काही ठिकाणी शब्द एक आणि प्रसंग बरोबर उलटा येईल, तिथे थांबा, पाणी प्या, फेरी मारून या.

समजा एक बाई आहेत, पन्नाशीच्या, साताऱ्याकडच्या. वडील शाळेत मास्तर होते, आता नाहीत. घरात त्यांचा हार घातलेला फोटो. शब्द लिहिले, प्रेमळ, शिस्तीचे, त्यागी, हुशार, कणखर. "त्यागी"पुढे प्रसंग आठवला की त्यांनी धाकट्या भावाच्या मुलांच्या शिक्षणासाठी पगारातून पैसे दिले, सगळं गाव कौतुक करायचं. लिहिता लिहिता दुसरं आठवलं, त्याच वर्षी यांच्या स्वतःच्या फीसाठी आई रात्री कंदिलात लोकांचे ब्लाउज शिवत बसायची. आणि आत्ता ऐंशीच्या घरात असलेली हीच आई वडिलांबद्दल काही कुरकुरली की या तिच्यावर ओरडतात, "बाबांना काही बोलायचं नाही!" म्हणजे बाबांच्या देवपणाची किंमत इतकी वर्षं कोण मोजत होतं ते बघा. माझं निरीक्षण असं आहे की एक माणूस देव्हाऱ्यात बसला की घरातला दुसरा कुणीतरी हमखास कोपऱ्यात जातो, बहुतेक वेळा तीच बाई जी रोज दिवा लावते.

पण पुढे वाचा. "प्रेमळ" या शब्दापुढे बराच वेळ काही आलं नाही. दोन दिवसांनी एकदम आठवलं, आठ-नऊ वर्षांच्या असताना ताप चढला होता आणि वडील रात्रभर उशाशी बसून कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बदलत होते, मध्येच पेंगायचे, पट्टी हातातून गळायची. ही आठवण त्या हार घातलेल्या फोटोपेक्षा शंभर पटीने किमती आहे, कारण ती खरी आहे आणि तिच्यात एक दमलेला माणूस आहे. काल्पनिक पुतळा बाजूला झाल्याशिवाय ती वर येत नाही. लोकांना भीती वाटते की हे केलं तर प्रेम संपेल. प्रेमाला धरायला तेव्हा कुठे काहीतरी मिळतं.

प्रसंगांशेजारी अजून एक रकाना आखा, "तेव्हा मला काय वाटलं". त्याची चूक किती हे नको, फक्त तुम्हाला काय वाटलं. राग, लाज, एकटं, अभिमान, काहीही. शेवटी दोन्ही बाजू "आणि" घालून एका वाक्यात लिहा, "बाबांनी पुतण्यांना शिकवलं आणि माझ्या फीसाठी आईला रात्री जागावं लागलं". "पण" घातलं की मन लगेच एक बाजू पुसायला बघतं.

एक काळजी घ्या, माणूस नुकताच गेला असेल तर हे करू नका. सुरुवातीच्या दिवसांत गेलेला माणूस चांगलाच आठवतो आणि आठवू दे, दिवसकार्य होऊ दे, वर्षश्राद्ध होऊ दे, वही कुठे पळून जात नाही. आणि ही वही घरच्यांसमोर सिद्ध करायला वापरू नका, भावाने वेगळे वडील पाहिलेले असू शकतात.

अंगाचं ऐका

१९९२ मध्ये मेरी डोझियर आणि रॉजर कोबॅक यांनी वर सांगितलेल्या मुलाखतीच्या वेळी लोकांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली, म्हणजे तळहाताला घाम फुटतो तसला ताण मोजायची पद्धत. जी माणसं नात्यातलं दुःख बाजूला सारून बोलायची त्यांचा हा ताण ताटातूट, झिडकारलं जाणं अशा प्रश्नांना वाढलेला दिसला. तोंडाने "काही नाही हो, मस्त होतं सगळं" आणि अंग भलतंच सांगतंय. म्हणून वहीत लिहिताना जबडा आवळला, पोटात खड्डा पडला, एकदम झोप आली किंवा अचानक किचनमधली भांडी आवरावीशी वाटली तर तो शब्द गोल करून ठेवा. तिथेच काहीतरी आहे.

नवीन प्रेम असेल तर जरा दमाने

प्रत्येक आदर्शीकरण मोडायलाच हवं असं अजिबात नाही. सँड्रा मरे आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जोडप्यांवर केलेल्या कामात असं दिसलं की जे जोडीदाराला, त्याच्या स्वतःच्या मतापेक्षाही थोडं जास्त चांगलं समजत होते ते नात्यात जास्त समाधानी होते. तेव्हा बायकोला नवरा जगातला सगळ्यात विनोदी माणूस वाटत असेल तर वाटू दे बाई.

फरक एवढाच बघायचा की खरी माहिती आत येतेय का. पाच गोष्टी तपासा म्हणणार नाही, एकच तपासा, त्याला एखाद्या छोट्या गोष्टीला "नाही" म्हणून बघा. या रविवारी नको, पुढच्या रविवारी भेटू. हे म्हणायला तुम्हाला भीती वाटली तर ते आदर्शीकरण भीतीवर उभं आहे. म्हटल्यावर त्याचं तोंड कसं होतं ते डोळ्यांनी बघा आणि त्याच रात्री, मनात कारणं तयार व्हायच्या आधी, जे झालं ते लिहून ठेवा.

आणि मार, धमक्या, पैसे काढून घेणं, घरात कोंडणं असं काही चालू असेल तर हे सगळं वाचन बाजूला ठेवा. "मनाने खूप चांगला आहे तो, फक्त राग आवरत नाही" हे वाक्य आधी नाही, सुरक्षितता आधी. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. तो चांगला की वाईट हा निकाल सुरक्षित ठिकाणी बसूनही लावता येतो.

आता स्वतःला

हे जास्त अवघड, कारण इथे मूर्ती, पुजारी आणि भक्त सगळे आपणच. मनोविश्लेषक कॅरन हॉर्नाय यांनी १९५० मध्ये यावर फार खोलात लिहिलं. असुरक्षित मूल स्वतःची एक आदर्श प्रतिमा बनवतं, मग त्या प्रतिमेला जुळवून घ्यायला "असं असलंच पाहिजे" ची हुकूमशाही सुरू होते, आणि आपण जसे खरोखर आहोत त्या माणसाचा मनातून तिरस्कार वाटायला लागतो.

आपल्याकडे ही प्रतिमा क्वचितच "मी ग्रेट आहे" अशी बोलते. ती बोलते, "मला कुणाचंच काही लागत नाही", "माझं मन एकदम साफ आहे, जे असेल ते तोंडावर", "मी सगळ्यांसाठी करते, अपेक्षा शून्य", "मी कधी चिडतच नाही". ओळखीचं वाटलं?

करायचं असं. आठवडाभर फक्त एवढंच टिपा की कुठल्या छोट्या बोलण्याचा नको तेवढा त्रास झाला. सासूबाई म्हणाल्या आमटीत मीठ कमी आहे, आणि दिवसभर डोकं फिरलं. मीटिंगमध्ये ज्युनियरने आकडा दुरुस्त केला, आणि रात्री झोप नाही. आमटीने किंवा आकड्याने एवढं होत नसतं, तो धक्का कुठल्यातरी चित्राला लागलेला असतो, ते चित्र एका वाक्यात लिहा, "मी म्हणजे अशी जिच्या हातून काही कमी पडत नाही". मग पुन्हा तोच प्रश्न, हे खरं नसलं तर काय होईल? बहुतेकांचं उत्तर फार जुनं असतं. मग मला कोण विचारणार. मग मला ठेवतील का.

त्यानंतर मुद्दाम, कुणाच्या तरी समोर, एक छोटी उणीव उघडी राहू द्या. मीटिंगमध्ये "मला हे माहीत नाही, बघून सांगते" म्हणा. पाहुणे आले तरी पोळ्या बाहेरून मागवा आणि ते सांगा. "मी चिडलोय" हे शांत आवाजात म्हणून बघा. आणि मग काय होतं ते बघा, कोण निघून गेलं? हे एकदा करून चालत नाही, बऱ्याचदा करावं लागतं, कारण मनाला शब्दांनी पटत नाही, घडलेलं बघून पटतं.

तुम्हालाच कुणी देव्हाऱ्यात बसवलं असेल

सुरुवातीला फार छान वाटतं, मग गुदमरायला होतं. आपल्याकडे हे आयांच्या बाबतीत सर्रास होतं, आईला त्यागाची मूर्ती म्हटलं की तिला दमायची, वैतागायची, एकटीने सिनेमाला जायची सोयच उरत नाही. अशा वेळी "अरे मी काही एवढी ग्रेट नाही" हे म्हणून उपयोग नाही, ते विनयात जमा होतं. लवकर आणि ठोस मर्यादा सांगा, रविवारी मी स्वयंपाक करणार नाही, रात्री दहानंतर फोन उचलणार नाही, हे मला येत नाही. छोट्या छोट्या निराशा आत्ताच होऊ द्या, नाहीतर एक दिवस मोठी होते आणि मग तोच माणूस तुम्हाला खलनायक ठरवून निघून जातो.

आणि दुसऱ्याने कुणाला तरी डोक्यावर घेतलं असेल, आई थोरल्याचं कौतुक करताना थकत नसेल, तर वाद घालू नका, वादाने पकड घट्ट होते. "आई, दादाने असं कधी केलं होतं, सांग ना नीट" एवढंच विचारा, खरं कुतूहल ठेवून, टोमणा न मारता. उत्तर आलं तर ऐका, नाही आलं तरी आग्रह नको.

मदत कधी घ्यायची

माणसं पुन्हा पुन्हा याच चक्रात येत-जात असतील, आज सर्वस्व आणि उद्या शत्रू, सोबत स्वतःला इजा करावीशी वाटणं, टोकाची रिकामी भावना असं असेल तर वहीवर भागवू नका. अशी टोकं काही आजारांमध्ये ठळक दिसतात, निदान मात्र तज्ज्ञांनीच करायचं असतं, आपण नेटवर वाचून नवऱ्याला किंवा मैत्रिणीला लेबल लावायचं नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

समुपदेशकाकडे गेलात तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, काही भेटींतच ती व्यक्ती तुम्हाला जगातली सगळ्यात समजूतदार वाटायला लागेल, आणि मग एक दिवस ती घड्याळाकडे बघेल, किंवा तुमच्या बहिणीचं नाव विसरेल, आणि तुम्हाला वाटेल की ही पण तसलीच, दुसरी शोधू. त्या दिवशी अपॉइंटमेंट रद्द करू नका. पुढच्या वेळी जा, आणि सुरुवातीलाच सांगा, "मागच्या वेळी तुम्ही घड्याळाकडे बघितलंत, मला वाईट वाटलं."